तोंडाचा वास : सांगायचं कुणी?

मैत्रिणींनो, आजचा विषय जरा अवघड आहे. केस गळतात, पाठ दुखते, वजन उतरत नाही, याबद्दल आपण भिशीत नाहीतर हळदीकुंकवाला किती मोकळेपणानं बोलतो! पण तोंडाला येणाऱ्या वासाबद्दल? छे, नाव नको. तो विषय निघतो तो फक्त पाठीमागे. एखादी बाई उठून गेली की उरलेल्या दोघी एकमेकींकडे बघतात, एक जण हळूच नाकाला पदर लावते आणि दुसरी हसते. झालं. जिला हे कळायला हवं, तिलाच तेवढं कळत नाही.

आणि तिला आपणहून कळावं तरी कसं? नाकाला एखाद्या वासाची सवय झाली की त्याला तो वास जाणवेनासा होतो. लसणाची फोडणी दिलेली असते, आपण ओट्याशीच उभ्या असतो, तर पाच मिनिटांत आपल्याला काही वाटत नाही. बाहेरून आलेला माणूस मात्र दारातूनच विचारतो, "आज काय बेत?" तोंडाच्या वासाचंही तसंच आहे. ज्याचा त्याला येत नाही, शेजारच्याला येतो. म्हणून हे दुखणं असं आहे, की ते आपल्याला आहे हे दुसऱ्या कुणीतरी सांगावं लागतं. आणि सांगणारं कुणी नसतं.

माझी एक मैत्रीण आहे. तिनं हे लिहायला परवानगी दिली ती नाव न घालण्याच्या अटीवर. लग्नाला अठरा वर्षं झालेली. नवरा सज्जन, निर्व्यसनी, घरात कशाला कमी नाही. पण गेली सहा-सात वर्षं ती रात्री भिंतीकडे तोंड करून झोपायची. मुलं मोठी झाली, दिवसभर काम असतं, दमायला होतं, अशी कारणं ती त्यांनाही द्यायची आणि स्वतःलाही. खरं कारण एकच होतं. त्यांच्या तोंडाला येणारा वास तिला सहन होत नव्हता.

"अगं, माणूस इतका चांगला. त्यांना असली गोष्ट मी कशी सांगू?" ती म्हणायची. तिनं काही केलं नाही असं नाही. जेवण झालं की बडीशेपेची वाटी पुढे करायची. महिन्याला नवा ब्रश आणायची. प्रवासाला निघताना पर्समध्ये वेलदोडे ठेवायची. ते बिचारे बडीशेप खायचे आणि "ताजी दिसतेय" म्हणायचे. आता यात कुणाला काय कळणार?

शेवटी एकदा तिचीच दाढ दुखायला लागली. दंतवैद्याकडे निघताना धीर करून ती म्हणाली, "अहो, तुम्हीही दात दाखवून घ्या ना. रागावू नका, पण तुमच्या तोंडाला वास येतो. मला काळजी वाटते." ते रागावले नाहीत, गप्प झाले. थोड्या वेळानं विचारलं, "कधीपासून?" तिनं खरं ते सांगितलं. दवाखाना येईपर्यंत कुणी काही बोललं नाही. आणि पायऱ्या चढताना ते म्हणाले, "मला वाटत होतं, तुला माझा कंटाळा आलाय."

पाहा, मैत्रिणींनो! दोन चांगली माणसं एका घरात राहून सहा-सात वर्षं मनात भलतंच धरून बसली होती. आणि कारण काय निघालं? हिरड्यांखाली साठलेलं किटण! दंतवैद्यांनी पाहिलं तर खालच्या दातांच्या मागं किटणाचा जाड थर, आणि दाढांजवळची हिरडी दातापासून सुटून तिथं खिशासारख्या फटी झालेल्या. तीन-चार खेपांत साफसफाई झाली, एक दाढ काढावी लागली, घरी काय करायचं ते त्यांनी नीट शिकवलं. दोन महिन्यांत फरक पडला. इतकंच ते दुखणं होतं.

वास येतो तरी कुठून?

आपल्याकडे तोंडाला वास म्हटलं की पहिलं बोट पोटाकडे जातं. "पोट साफ नाही, दुसरं काय!" मग त्रिफळा चूर्ण आणलं जातं, इसबगोल सुरू होतो, कुणी एरंडेल सुचवतं. माझ्या मैत्रिणीच्या यजमानांनी चूर्ण तीन वर्षं घेतलं होतं. चूर्णानं पोट साफ झालं, वास होता तिथंच राहिला. कारण आपली अन्ननलिका एरवी मिटलेली असते, पोटातली हवा काही सारखी वर येत नसते. ढेकर आला, आम्लपित्तानं आंबट पाणी वर आलं, की तेवढ्यापुरता वास येतो, हे खरं. पण कायम वास येणाऱ्या दहा जणांपैकी आठ-नऊ जणांच्या वासाचं मूळ तोंडातच असतं. जिभेवर, हिरड्यांत, किडक्या दाढेत.

तोंडात शेकडो जातींचे सूक्ष्म जंतू राहतात. ते सगळे काही वाईट नसतात. पण त्यांतले काही जंतू हवा न लागणाऱ्या जागा शोधतात, म्हणजे जिभेचा अगदी मागचा भाग, दोन दातांमधली फट, हिरडीखालचा खिसा. तिथं अडकलेले अन्नाचे कण आणि तोंडातल्या त्वचेच्या मेलेल्या पेशी ते कुजवतात आणि त्यातून गंधकाचे वायू सुटतात. त्यांतला एक हायड्रोजन सल्फाइड, म्हणजे नासक्या अंड्याचा वास. दुसरा मिथाइल मरकॅप्टन, तो त्याहून उग्र.

आपल्या भाषेत सांगायचं तर मोरीच्या जाळीखाली गाळ साचतो ना, तसं हे आहे. गाळ तसाच ठेवून वरून फिनेल ओतलं तर वास किती वेळ दबेल? बडीशेप, लवंग, सुगंधी गोळ्या, बाटलीतलं माउथवॉश हे सगळं त्या फिनेलसारखं. तासाभराचं काम. जाळी उचलून गाळ काढावाच लागतो.

या माउथवॉशचीही गंमत ऐकून ठेवा. लिस्टरीन हे औषध 1879 साली अमेरिकेत तयार झालं ते शस्त्रक्रियेच्या वेळी जंतू मारण्यासाठी, आणि त्याला नाव दिलं ते जोसेफ लिस्टर या इंग्रज शल्यविशारदाचं. 1920 नंतरच्या दशकात त्याच्या जाहिराती अशा येऊ लागल्या की तोंडाच्या वासामुळे या मुलीचं लग्न जमत नाही, त्या तरुणाला कुणी जवळ करत नाही. भीती घातली आणि बाटल्या खपल्या. त्या भीतीला आपण आज बळी पडायचं कारण नाही. दंतवैद्यांनी क्लोरहेक्सिडीनचं औषध चुळा भरायला दिलं, तर ते त्यांनी सांगितलेले दिवसच वापरावं. फार दिवस वापरलं तर दातांवर तपकिरी डाग पडतात आणि जिभेची चवही बिघडते.

लाळेचं महत्त्व

तोंड स्वच्छ ठेवणारी खरी मोलकरीण म्हणजे आपली लाळ. दिवसाला अर्धा ते दीड लिटर लाळ सुटते आणि ती तोंड सारखी धूत असते. झोपेत लाळ कमी होते, म्हणून सकाळी उठल्यावर सगळ्यांच्याच तोंडाला वास येतो. त्याचं काही मनावर घेऊ नये, दात घासले, चहा-नाश्ता झाला की तो जातो. उपवासाच्या दिवशी, त्यातही निर्जळी उपवासाला, तोंड कोरडं पडतं आणि वास येतो. पाणी चालत असेल तर त्या दिवशी ते घोट घोट घेत राहावं. दिवसभर नुसत्या चहावर काम ढकलणाऱ्या आपल्यासारख्यांनी तर हे लक्षात ठेवायलाच हवं.

नाक चोंदल्यामुळे तोंडानं श्वास घेणाऱ्यांचं तोंडही कोरडं पडतं. सर्दीच्या, रक्तदाबाच्या, मनाच्या आजारावरच्या काही गोळ्यांनीही पडतं. म्हणून गोळ्या मनानं बंद करायच्या नाहीत हं! डॉक्टरांना सांगायचं, ते बदलून देतील किंवा दुसरा उपाय सांगतील.

रोजचं करायचं काय?

आपल्याकडे सकाळी दहा मिनिटं दात घासणारी माणसं रात्री नुसती चूळ भरून झोपतात. खरं तर रात्रीचं घासणं सकाळच्यापेक्षाही महत्त्वाचं, कारण रात्री लाळेचं काम मंदावतं आणि जंतूंना रान मोकळं मिळतं. दोन्ही वेळा दोन दोन मिनिटं, मऊ ब्रशनं, फ्लोराइडच्या पेस्टनं घासावं. जोर लावू नये. ब्रशचे केस वाकडे झाले की तो टाकून द्यावा, एरवीही तीन महिन्यांनी बदलावा. आपण काय करतो, मुलांचे ब्रश बदलतो आणि आपला तोच वर्षभर चालवतो!

ब्रश दोन दातांच्या फटीत शिरत नाही. तिथं दात साफ करायचा दोरा किंवा फटीत घालायचा बारीक ब्रश लागतो. औषधाच्या दुकानात तो मिळतो. टाचणी किंवा सेफ्टी पिन घालून कोरायची सवय असेल तर ती आजच सोडा, हिरडीला जखम होते.

आणि जीभ! वासाचं सर्वांत मोठं घर तेच. या बाबतीत आपले पूर्वज शहाणे होते. चरकसंहितेत जीभ खरवडण्याच्या पट्टीचं वर्णन आहे. ती सोनं, चांदी, तांबं, कथील किंवा पितळ अशा धातूची असावी, तिला धार नसावी आणि ती वाकवलेली असावी. जिभेच्या मुळाशी साचलेल्या मळानं दुर्गंध येतो, हेही तिथं सांगितलेलं आहे. तेव्हा घरात तांब्याची पट्टी असेल तर काढा बाहेर. मागून पुढे, हलक्या हातानं, दिवसातून एकदा चार-पाच वेळा ओढायची. सुरुवातीला उमासे येतील. जीभ बाहेर काढून श्वास सोडत केलं की सवय होते.

राखुंडी आणि भरड मंजन मात्र नको, त्यानं दात झिजतात. आणि मिशरीबद्दल तर स्पष्टच बोलायला हवं. "मिशरी लावल्याशिवाय पोट साफ होत नाही, दात दुखतात," असं म्हणणाऱ्या बायका आपल्या घरांत अजून आहेत. मिशरी म्हणजे भाजलेली तंबाखू, दुसरं काही नाही. तिनं तोंडाला वास येतो तो येतोच, हिरड्या खराब होतात आणि तोंडाच्या कॅन्सरचा धोका वाढतो. पोटुशी बाईनं तर तिला हातसुद्धा लावू नये.

घासताना रक्त येतं म्हणून आपण त्या जागेला ब्रश लावायचं टाळतो. नेमकं उलटं करायला हवं. रक्त येतं कारण तिथं किटण साचून हिरडी सुजलेली आहे. तिथं हलक्या हातानं पण नेमानं घासावं, आणि आठ-पंधरा दिवसांत थांबलं नाही तर दंतवैद्य गाठावा. "दात साफ करून घेतले की हलायला लागतात," हा समजही घट्ट बसला आहे. दात हलतो तो किटणानं आतलं हाड झिजवल्यामुळे. किटण काढलं की ती झीज आपल्या लक्षात येते, एवढंच. तसंच ठेवलं तर दात जाणारच.

गरोदरपणात हिरड्या जास्त सुजतात आणि रक्त येतं. "बाळंतपणात दात जायचेच," म्हणून गप्प बसू नका. दंतवैद्याला गरोदर असल्याचं सांगून उपचार घेता येतात. उलट्या होत असतील तर उलटीनंतर लगेच ब्रश करू नये, आम्लानं दातांचा वरचा थर मऊ झालेला असतो. पेलाभर पाण्यात चमचाभर खायचा सोडा घालून चूळ भरावी आणि अर्ध्या तासानं घासावे.

घरातल्या वडीलधाऱ्यांची कवळी रात्री काढून, घासून, पाण्यात ठेवावी. कवळी तोंडात ठेवूनच झोपलं तर वास येतो आणि टाळूही चिघळते. नातवंडं आजीच्या मांडीवरून का उठून जातात, याचं उत्तर कधी कधी त्या कवळीत असतं.

कांदा-लसणाचा वास वेगळा. लसूण पचल्यावर त्यातला एक गंधकाचा पदार्थ रक्तात मिसळतो आणि फुप्फुसांतून श्वासावाटे बाहेर पडत राहतो. म्हणून कितीही दात घासा, तो जात नाही. दही, दूध, कच्चं सफरचंद, पुदिना यांनी हा वास थोडा कमी होतो, असं प्रयोगांत दिसलं आहे. लसणाच्या चटणीबरोबर दही घ्यायची आपली रीत काही वाईट नाही, नाही का?

कधी दुर्लक्ष करू नये

सगळं नेमानं करूनही महिनाभरात वास गेला नाही, तर आधी दंतवैद्य, मग नाक-कान-घशाचे डॉक्टर. टॉन्सिलच्या खाचांत पांढरे, घाण वासाचे खडे होतात, नाकामागच्या पोकळ्यांत पू साठतो. मधुमेह ताब्यात नसेल तर हिरड्या लवकर बिघडतात. म्हणून हिरड्या वारंवार सुजत असतील तर साखर तपासून घ्यावी. मधुमेह असलेल्या माणसाच्या श्वासाला पिकलेल्या फळासारखा गोड वास यायला लागला, जोडीला उलट्या, धाप, गुंगी असेल, तर सकाळची वाट न बघता तडक इस्पितळात न्यावं. मूत्रपिंडाच्या जुन्या दुखण्यातही श्वासाला लघवीसारखा वास येतो.

लहान मुलाच्या एकाच नाकपुडीतून घाण वासाचा शेंबूड येत असेल तर मुलानं नाकात हरभरा, शेंगदाणा, मणी, खोडरबराचा तुकडा असं काही घातलं असण्याची शक्यता फार. घरी चिमट्यानं काढायला जाऊ नका, ते आणखी आत जातं. डॉक्टरांकडे न्या.

खर्चाची भीती वाटत असेल तर दंत महाविद्यालयांत उपचार बरेच स्वस्त होतात. मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर इथं शासकीय दंत महाविद्यालयं आहेत.

काही जणींना आपल्या तोंडाला वास येतो अशी उगाचच धास्ती बसते. समोरच्यानं सहज नाकाला हात लावला तरी त्यांना ते आपल्यामुळेच वाटतं. मग तोंडावर हात धरून बोलायचं, कार्यक्रमांना जाणंच टाळायचं. त्यांच्यासाठी आणि सगळ्यांसाठीच एक घरगुती तपासणी सांगते. हात स्वच्छ धुवा, मनगटाच्या आतल्या बाजूला जीभ लावा, दहा सेकंद वाळू द्या आणि वास घ्या. किंवा चमच्याच्या कडेनं जिभेच्या मागच्या भागावरून हळूच खरवडून त्याचा वास घ्या. तळहातात फुंकर मारून नीटसं कळत नाही. आणि सर्वांत खात्रीचा उपाय म्हणजे विश्वासातल्या माणसाला विचारणं. दंतवैद्यांनी आणि घरच्यांनी "काही नाही" असं सांगूनही धास्ती जात नसेल, तर तो मनाचा त्रास आहे, आणि त्याचेही डॉक्टर असतात. त्यात लाजायचं काही नाही.

मग सांगायचं कुणी?

जवळच्यानं. आणखी कोण सांगणार? ऑफिसमधला माणूस सांगणार नाही, शेजारीण सांगणार नाही. त्या फक्त लांब सरकून बसतील. सांगायचं ते एकटं गाठून, मुलांसमोर नाही, पाहुण्यांसमोर तर नाहीच. भांडणात तर मुळीच नको. रागाच्या भरात निघालेलं "तुमच्या तोंडाला वास मारतो" हे वाक्य औषध राहत नाही, शिवी होते. सूचक बोलून, गोळ्या पुढे करूनही भागत नाही. सरळ सांगावं, थोडक्यात सांगावं आणि पुढची पायरी बरोबर असावी. "तोंडाला वास येतोय, हिरड्यांचं काही असेल, शनिवारी आपण दोघं जाऊन दाखवून येऊ." सासूबाईंना सुनेनं सांगण्यापेक्षा त्यांच्या लेकीनं सांगितलं तर बरं. वयात आलेल्या मुलीला आईनं सांगावं, पण तिच्या रूपावर बोट ठेवून नाही.

हीच गोष्ट उलटीकडूनही खरी आहे. कितीतरी नवरे आपल्या बायकोला चारचौघांत यावरून टोचून बोलतात, आणि ती बिचारी ओठ मिटून घेते ती कायमची. तिला दंतवैद्याकडे न्यायचं मात्र कुणाला सुचत नाही. घरातल्या सगळ्यांचे दात दाखवून होतात, आईचं "नंतर बघू" वर्षानुवर्षं चालतं. मैत्रिणींनो, सहा महिन्यांतून एकदा जाताना यादीत आपलं नाव घाला, आणि तेही पहिलं.

आणि कुणी आपल्याला सांगितलं, तर? वाईट वाटेल, तोंड लाल होईल. होऊ दे. पण त्या माणसावर रागावू नका. दहा जण आपल्यापासून लांब सरकले आणि हा एक जण जवळ येऊन बोलला, त्याला आपली काळजी आहे म्हणून. आज घरातल्या एखाद्या माणसाला आपणच आधी विचारून बघा, "खरं सांग, माझ्या तोंडाला वास येतो का?" आपण विचारलं, की त्यालाही उद्या आपल्याला विचारायला संकोच वाटणार नाही.